सव्वीस शनिवारांची पिशवी

बँकेच्या नोकरीतील अकरा वर्षे मी ग्रामीण शाखांमध्ये पीककर्जाच्या फायली तपासण्यात घालवली. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि जामीनदारांच्या सह्या पाहून पाहून एक गोष्ट अंगात इतकी मुरली होती की, मे महिन्यात शेतकऱ्याला रोकड का लागते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही गेल्या वर्षी मे महिन्यात एका जुन्या सहकारी मैत्रिणीने, जून ते डिसेंबर या काळात घरी येणाऱ्या भाजीसाठी एका शेतकऱ्याला आताच 8,450 रुपये द्यायचे आणि तेवढेच पुन्हा ऑगस्टमध्ये, असे सांगितले तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "आणि भाजी आली नाही तर?" हा. ती हसून म्हणाली, "तर नाही आली. कागदावर तसेच लिहिले आहे."

तो कागद खरोखरच एक पानाचा होता आणि त्यात आडवळण काहीही नव्हते. पुरंदर तालुक्यात, दिवे घाट चढून सासवडच्या पुढे असलेल्या चार एकरांच्या शेतापैकी दोन एकरांवर भाजीपाला होतो आणि तो पंचेचाळीस कुटुंबांत वाटला जातो. प्रत्येक कुटुंबाने सव्वीस आठवड्यांचे 16,900 रुपये दोन हप्त्यांत द्यायचे. दर शनिवारी सकाळी सात ते नऊ या वेळेत कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या वाहनतळावरून आपली पिशवी आपण न्यायची. गावाला जाणार असलो तर गुरुवारी दुपारपर्यंत कळवायचे. आणि पीक बुडाले तर पैसे परत मागायचे नाहीत. पिशवीत किमान किती वजन असेल, याबद्दल एक अक्षरही नव्हते. कर्जाच्या कागदपत्रांत मी असे कलम कधी पाहिले नव्हते, कारण तिथे पीक बुडण्याचा धोका नेहमीच घेणाऱ्याच्या बाजूला असतो. इथे देणारी मी होते आणि धोक्यातही माझा वाटा होता.

पहिला हप्ता देण्यापूर्वी शेत पाहून यावे, असा आग्रह मी धरला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सात-आठ जण गेलो तेव्हा विहीर तळाला लागली होती आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर ठेवलेल्या होत्या. शेतकरी दादा चाळिशीचे असावेत. त्यांनी वहीच्या मधल्या जोडपानावर आखलेला नकाशा आम्हांला दाखवला: कोणत्या गादीवाफ्यावर माठ, राजगिरा, मेथी यांची दर पंधरा दिवसांनी फेरपेरणी, कुठे भेंडी आणि गवार, कुठे तार-बांबूचे तीन मांडव आणि त्यांवर दोडका, पडवळ, कारले, घोसाळे. प्रत्येक नावापुढे पेरणीची तारीख आणि अंदाजे तोडणीचा आठवडा पेन्सिलीने लिहिलेला होता. शाईने का लिहिले नाही, असे माझ्या यजमानांनी सहज विचारले तेव्हा दादा म्हणाले, "पाऊस शाईनं लिहून देत नाही ना, काका."

पैसे कशासाठी लागतात, तेही त्यांनी तिथेच सांगितले: बियाणे, दोन ट्रॉल्या शेणखत, मांडवाची तार, ठिबकच्या दुरुस्तीचे सामान आणि दोन बायकांची नियमित मजुरी. हे सगळे जूनपूर्वी उभे करायचे आणि पहिली भेंडी तोडायला महिना-दीड महिना वाट पाहायची, या मधल्या काळासाठीच एरवी कर्ज काढले जाते. मुलीने तिच्या फोनवर शोधून मला सांगितले की, ही पद्धत जपानमध्ये 1970च्या दशकात ‘तेईकेई’ या नावाने रुजली आणि अमेरिकेत 1986मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या दोन राज्यांतल्या शेतांवर ती सुरू झाली. आपल्याकडे 2016मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळल्यामुळे असा थेट व्यवहार करण्यात कायद्याचीही आडकाठी उरलेली नाही. मला मात्र हे सारे माझ्या भाषेत असे दिसले: पंचेचाळीस जणांनी मिळून दिलेले बिनव्याजी पीककर्ज, ज्याची परतफेड भाजीत होणार. परत येताना घाटात मी हप्ता भरला आणि पावती मागितली. ती फोनवर लगेच आली.

जूनच्या मध्याला पहिली पिशवी आली. तिच्यात भेंडी, गवार, चवळीची पाने, तांबडा माठ, हिरव्या मिरच्या आणि एक दुधी होता. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक जिन्नस तोलून वहीत लिहिला आणि त्यापुढे त्याच दिवशीचा आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचा भाव लिहिला. ही सवय मी सव्वीस आठवडे सोडली नाही. घरात यावर बरीच थट्टा झाली. पण ज्या बाईने तीस वर्षे दिवसाअखेरीस रोकड जुळल्याशिवाय घर गाठले नाही, तिच्याकडून दुसरी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या महिन्यात सर्वांत मोठा बदल झाला तो स्वयंपाकाच्या क्रमात. आजवर आमच्या घरी आधी ‘उद्या काय करायचे’ हे ठरत असे आणि मग त्याप्रमाणे भाजी आणली जात असे. आता शनिवारी सकाळी ओट्यावर पिशवी रिकामी केल्याशिवाय आठवडा कळत नसे. शिवाय मंडईतली पालेभाजी बरीचशी धुऊन, पाणी मारून, ताठ बांधून आलेली असते. ही मात्र मुळांसकट, मातीसकट येई आणि पावसाच्या दिवसांत तिच्यातून एखादी गोगलगायही सावकाश बाहेर पडे. माठाच्या दोन जुड्या निवडून, तीन पाण्यांतून काढून, फडक्यावर पसरून कोरड्या करायला मला पहिल्या शनिवारी पाऊण तास लागला. पुढे हात बसला. पालेभाजी शनिवार-रविवारी, भेंडी-गवार सोमवार-मंगळवारी, दुधी-भोपळा आठवड्याच्या शेवटी, हे वेळापत्रक आपोआप ठरत गेले आणि ते मोडले की काहीतरी पिवळे पडून फेकावे लागे.

जुलैत दोडका सुरू झाला. पहिल्या आठवड्यात सव्वा किलो, दुसऱ्यात दोन किलो, तिसऱ्यात पुन्हा दोन किलो. दोडक्याची मूगडाळ घालून भाजी झाली, दाण्याचे कूट लावून झाली, शिरांची तीळ-खोबऱ्याची चटणी झाली, आणि चौथ्या शनिवारी पिशवीतून पुन्हा ते हिरवे शिरवाळ टोक डोकावले तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आपण दोडक्यांना दत्तक घेतलंय का?" मी हा प्रश्न जरा सौम्य करून दादांपर्यंत पोहोचवला. त्यांचे उत्तर असे होते: "काकू, कमी करतो म्हणलं तरी वेल ऐकत नाही. आणि ह्या पावसात मांडवावर दुसरं काय एवढं धरतंय, सांगा बरं." त्या उत्तरात वाद घालण्याजोगे काही नव्हते. मंडईत आपण दोडका घेत नाही म्हणजे तो कोणीतरी दुसरा घेईल असे धरून चालतो. इथे दुसरे कोणी नव्हते.

वाटपाच्या जागी एक रिकामे क्रेट ठेवलेले असे. ज्याला जे नको असेल ते त्याने त्यात टाकायचे आणि हवे ते उचलायचे, एवढाच नियम. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा भाग तो क्रेटच होता. आमच्या सासूबाई चातुर्मासात वांगे, कांदा, लसूण खात नाहीत. कांदेनवमीला भज्यांचा कार्यक्रम आटोपला, आषाढी एकादशी आली आणि नेमकी त्याच सुमारास काटेरी वांगी सुरू झाली. त्या शनिवारी मी माझी पाऊण किलो वांगी क्रेटमध्ये टाकायला गेले, तर ते आधीच वांग्यांनी काठोकाठ भरलेले होते. पंचेचाळीस घरांपैकी किती घरांत चातुर्मास पाळला जातो, याची गणती कोणी केली नव्हती. ती त्या क्रेटने केली. शेवटी एका तरुण कानडी जोडप्याने ती सगळी वांगी आनंदाने नेली आणि बदल्यात घोसाळी ठेवून गेले. ती घोसाळी मी उचलली, कारण पावसाळ्यात घोसाळ्याची भजी खायला सासूबाईंची काही हरकत नव्हती.

भाद्रपदात ऋषिपंचमीच्या आधीच्या शनिवारी पिशवीत अळू, लाल भोपळ्याची फोड, पडवळ, दोडका, भेंडी, माठ आणि हिरव्या मिरच्या आल्या. सासूबाईंनी ओट्यावरचा तो ढीग पाहिला आणि विचारले, "ह्या भाज्या तू यादी करून मागवल्यास का?" मी मागवल्या नव्हत्या. त्या दिवसांत पुरंदरच्या मातीत तेवढेच पिकत होते.

पण त्याआधी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा येऊन गेला होता, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवे.

पुरंदरची तक्रार बहुधा पाऊस कमी पडल्याची असते. गेल्या वर्षी मात्र ऑगस्टमध्ये झड लागली ती बारा दिवस हटली नाही. दहाव्या शनिवारी मी पिशवी काट्यावर ठेवली तेव्हा काटा 2 किलो 750 ग्रॅमवर थांबला. दोन पडवळे, अंबाडीची एक जुडी, भोपळ्याची फोड, थोड्या मिरच्या आणि तीन वांगी. त्या तीनपैकी एक चिरले तर आत अळीने केलेला तपकिरी बोगदा आणि त्याच्या टोकाला ती स्वतः. मेथी आणि कोथिंबीर वाफ्यातच सडली होती, टोमॅटोवर करपा आला होता, भेंडीच्या पानांवर केवडा रोग दिसू लागला होता. पुढच्या शनिवारीही पिशवी तीन किलोंच्या आतच राहिली. दुर्दैवाने दुसरा हप्ता भरण्याची तारीख नेमकी त्याच आठवड्यात होती.

लोकांच्या बोलण्यात कडवटपणा यायला वेळ लागला नाही. एका गृहस्थांचे म्हणणे असे होते की, नियम काहीही असो, 650 रुपयांत पावणेतीन किलो भाजी ही फसवणूक आहे आणि निदान अर्धे पैसे पुढच्या हप्त्यातून वळते करावेत. दुसऱ्या एकीला अळी दिसली याचाच राग आला होता. खरे सांगायचे तर माझाही हात त्या आठवड्यात हप्ता भरताना अडखळला. कागदावरचे कलम मला पाठ होते. पण कलम पाठ असणे वेगळे आणि हातातली हलकी पिशवी वेगळी. कर्जवसुलीच्या काळात माझ्या टेबलासमोर उभे राहून "मॅडम, पावसानं सगळं गेलं" असे सांगणारी माणसे मी खूप पाहिली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे जराशा संशयाने पाहण्याची मला सवय होती. म्हणून मी ठरवले की, एकदा जाऊन डोळ्यांनी पाहायचे आणि मग काय ते करायचे.

पाऊस थोडा उघडल्यावर रविवारी आम्ही चौघे-पाचजण गेलो. वाफ्यांच्या मधल्या सऱ्यांत पाणी साचलेले होते आणि चिखलातून चालताना चप्पल जागीच राहून पाय पुढे जात होता. मेथीच्या वाफ्यावर नुसता हिरवा-काळा लगदा उरला होता. त्याचा वास मी अजून विसरलेले नाही. दादांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, दुसऱ्या टोकाला वाकून रोगट भेंडी उपटत होत्या. मांडवाखाली फळमाशीला वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे टांगलेले होते, वांग्यातही अळीसाठी वेगळे सापळे होते, आणि तरीही तीनातले एक वांगे किडत होते. बाजारासाठी पिकवणारा माणूस अशा वेळी दर चार दिवसांनी औषध मारतो, हे दादांनी काहीही न लपवता सांगितले, आणि त्यांच्या बांधापलीकडचा शेतकरी तसे मारतही होता. त्या बाजूला दादांनी मक्याच्या चार दाट ओळी आडोशाला लावल्या होत्या आणि मक्याला लागून असलेल्या पहिल्या वाफ्यातला माल ते आमच्या पिशवीत घालत नव्हते.

सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न मी त्याच वेळी विचारला. ते त्यांच्याकडे नव्हते. केंद्राच्या सहभागी हमी पद्धतीत, म्हणजे पीजीएसमध्ये, किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. गटातल्यांनी एकमेकांची शेते तपासायची असतात आणि रूपांतराच्या काळात आधी ‘ग्रीन’ आणि मग पूर्ण ‘ऑरगॅनिक’ असा दाखला मिळतो. त्यांच्या गावात तयार असलेले शेतकरी तिघेच होते. "दोघं मिळाले की अर्ज टाकतो, तोवर तुम्हीच येऊन तपासा," असे म्हणून त्यांनी आमच्या हातात दांडके दिले आणि आम्हांला जीवामृत या घरगुती खताच्या पिंपापाशी नेले. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, तितकेच लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ते मिश्रण सकाळ-संध्याकाळ ढवळायचे. मी दहा मिनिटे ढवळले आणि संध्याकाळी साडी दोनदा धुतली.

चहा घेताना त्यांनी घरातून एका पिशवीत जपून ठेवलेल्या जुन्या पट्ट्या, म्हणजे बाजारात विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, आणून माझ्यासमोर ठेवल्या. मी बँकेत होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यातली एक पट्टी चार वर्षांपूर्वीची होती. मेथीच्या 400 जुड्या, दर तीन रुपये, एकूण 1,200. त्यातून गाडीभाडे, हमाली आणि तोलाई वजा जाता हाती 610 रुपये. मेथी उपटणाऱ्या आणि जुड्या बांधणाऱ्या तीन बायकांची त्या दिवसाची मजुरी त्याहून अधिक होती. ती पट्टी दाखवताना त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. त्या दिवशी आवकच तेवढी होती, एवढेच म्हणाले. मी ती दोनदा वाचली, बेरीज-वजाबाकी सवयीने तपासली आणि ती बरोबर निघाली. हप्ता मी परतीच्या वाटेवर भरला. ज्या गृहस्थांनी फसवणुकीचा शब्द वापरला होता, ते आमच्याबरोबर आले नव्हते. त्यांनी पुढच्या आठवड्यात वाटा सोडला आणि तो माझ्या नणंदेने घेतला.

त्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे होते, असे मात्र मला वाटत नाही. पिशवी हलकी होणार आहे, हे बुधवारीच कळवता आले असते, म्हणजे लोकांनी इतरत्र थोडी भाजी घेऊन ठेवली असती. शनिवारी सकाळी वाहनतळावर उभे राहून ते कळणे कोणालाच रुचले नाही. मी हे दादांना स्पष्टपणे सांगितले आणि त्यानंतर दर बुधवारी रात्री ‘या शनिवारी काय येईल’ याचा त्यांचा निरोप येऊ लागला. निरोप नेहमी आवाजात असे, लिहिलेला नसे, आणि पार्श्वभूमीला बहुधा गाय हंबरत असे.

सप्टेंबरपासून पिशवी पुन्हा जड झाली. पुरंदरचा वाटाणा सुरू झाला आणि दीड-दीड किलो शेंगा सोलण्यात आमची शनिवारची दुपार जाऊ लागली. सोललेल्या दाण्यांतले निम्मे भांड्यात पडत आणि निम्मे सोलणाऱ्यांच्या तोंडात. बांधावरच्या झाडांची सीताफळे तीन आठवडे पिशवीत आली. नोव्हेंबरात मुळा पाल्यासकट, कांद्याची पात, चाकवत, आणि फुलावर गेलेल्या मुळ्यांच्या डिंगऱ्या आल्या. डिंगऱ्या माझ्या मुलीने जन्मात पाहिल्या नव्हत्या आणि मीही विसरले होते. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पिशवीचे वजन 7 किलो 400 ग्रॅम भरले, आणि मी ते नणंदेला फोन करून सांगितले.

डिसेंबरच्या मध्याला वही बंद केली. सव्वीस आठवड्यांत एकूण 131 किलो भाजी घरी आली होती, म्हणजे किलोमागे 129 रुपये पडले. तीच भाजी त्या त्या दिवशीच्या भावाने मावशींकडून घेतली असती तर 11,300 रुपये झाले असते. फरक 5,600 रुपयांचा, आठवड्याला सुमारे 215. हा आकडा लहान नाही आणि तो मी कोणापासून लपवत नाही. ‘घरपोच स्वस्त भाजी’ अशा समजुतीने कोणी यात येणार असेल, तर त्याने येऊ नये. तसेच ज्या घरात भाजी निवडायला आठवड्यातून दोन तास कोणाकडेच नाहीत, तिथे अर्धी पिशवी कचऱ्यात जाईल, हेही मी स्पष्टपणे सांगते. आमच्याकडे त्या फरकाच्या रकमेचे स्पष्टीकरण प्रत्येकाने वेगळे दिले. यजमान म्हणाले, तो चवीचा दर आहे. मुलगी म्हणाली, फवारणी नसल्याचा. मी वहीत त्यापुढे ‘जोखीम’ असे लिहिले, कारण ऑगस्टमधल्या त्या दोन शनिवारी माझे जे गेले ते शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी पडले नाही, एवढे मला आकड्यांत दिसत होते.

पुढच्या हंगामाची बैठक त्याच वाहनतळावर, रिकाम्या क्रेटवर बसून झाली. दादांनी वही उघडली, नवे जोडपान काढले आणि पेन्सिल कानावरून हातात घेतली. वाटा आठवड्याला 650वरून 700 रुपये करावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. मजुरी वाढल्याचा हिशेब त्यांनी मांडला आणि तो फारशा चर्चेविना मान्य झाला. मग काय पेरायचे, यावर सगळे एकदम बोलू लागले. तरुण मंडळींना ब्रोकोली हवी होती, कानडी जोडप्याला मट्टू गुळ्ळा नावाची त्यांच्याकडची वांगी हवी होती आणि ते बियाणे स्वतः आणून देणार होते. माझ्याबरोबर मुद्दाम आलेल्या सासूबाईंनी चंदनबटवा ही पालेभाजी मागितली, तेव्हा दादांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आजी, बी आमच्या आईकडं असंल, विचारतो." एक वाफा त्यांनी त्यासाठी राखून ठेवला.

माझी मागणी एकच होती: पुढच्या पावसाळ्यात दोडक्याचा मांडव एकच असावा. दादांनी थोडा विचार केला, तीन आकडा खोडला आणि दोन लिहिला.